कोपरीच्या होडीला आधार काय?

"कुणाचाच विश्वास बसायचा नाही, पण सांगतो," एवढं म्हणून मधुकाका बाळकुमकर थांबले. या जागी समोरच्याने "सांगा, सांगा" म्हणायचं असतं. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, गणपतीच्या जागरणात, अगदी मयताहून परत येतानासुद्धा, या जागी कुणी ना कुणी तसं म्हणत आलं होतं.

समोर बसलेली त्यांची पुतणी उत्तरा म्हणाली, "बसायचा नाही, हे मान्य. पण तुम्हांला कुणी सांगितलं?"

मधुकाकांची होडी किनाऱ्यालाच रुतली.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, गणपती विसर्जनानंतरची. बाळकुमकरांचा कुलवृत्तांत छापायला जायचा होता. कुलवृत्तांत म्हणजे सगळ्या कुळाची झाडाझडती. मूळ पुरुष कोण, कुठून आला, कुणाला किती मुलं, कोण मामलेदार झाला आणि कोण गोसावी होऊन निघून गेला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरलेल्या बाळकुमकरांनी एक समिती नेमली. मधुकाकांचे चुलतभाऊ, डोंबिवलीशेजारच्या कोपरचे भाऊ बाळकुमकर, तिचे अध्यक्ष झाले. लिहायचं काम आलं उत्तराकडे. ती कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, आणि लग्न केलं नाही म्हणजे हिला वेळच वेळ, असा सगळ्यांचा समज होता.

उत्तराने काम घेतलं ते अट घालून. आधाराशिवाय एक ओळ जाणार नाही. प्रत्येक विधानाच्या डोक्यावर बारीक आकडा, आणि पानाच्या तळाशी त्या आकड्याचा जाब: हे कुठून मिळालं, कुणी सांगितलं, केव्हा. कागद असेल तर उत्तम. नसेल तर दोन माणसं हवीत, आणि त्या दोघांनी ते एकमेकांकडून ऐकलेलं नको.

मधुकाकांना ही अट म्हणजे पानावर बसवून तोंडाला फडकं बांधण्यासारखी वाटली. पण तोपर्यंत ते हसत होते. हसू आटलं ते कोपरीच्या ओटीचा विषय निघाल्यावर.

बाळकुमकरांची देवी फिरती. दर वर्षी नवरात्र वेगळ्या घरी. पण घर कुठलंही असो, अष्टमीला देवीची ओटी भरण्याआधी एक ओटी ठाण्याला, कोपरीच्या एका कोळ्याच्या घरी जाते. ती घेऊन जाते थोरल्या शाखेची सून, म्हणजे सध्या मधुकाकांची बायको मंदाकिनी. ती परत येईपर्यंत देवी थांबते. आणि त्या ओटीत खण-नारळाबरोबर एक झबलं असतं, तेही जुन्या साडीचं, हातानं शिवलेलं. ओटीत जुनं कापड! दुसऱ्या कुठल्या घरी कुणी हे केलं असतं, तर यजमानीण तोंडावर ओटी परत फेकती.

हे का करायचं, ते कुळात एकटे मधुकाका सांगू शकत होते. त्यांच्या सर्व गोष्टींमध्ये ही गोष्ट म्हणजे पट्टराणी. त्यांचे आजोबा गोविंदराव तान्हे असताना बाळकुमला दरोडा पडला. आईने पोराला पोटाशी बांधलं आणि खाडीवर धावली. तिथे कोपरीचा धाकू कोळी आपली होडी घेऊन उभा. होडीचं नाव रंभा. मध्येच मगर आली. मगरीनं होडीच्या बुडाला दात लावले. धाकूनं आपलं मुंडासं भोकात कोंबलं आणि धाकूच्या बायकोनं अंगावरचं जुनं लुगडं फाडून भिजलेल्या पोराला गुंडाळलं. तेच हे झबलं! आजोबा जगले म्हणून आपण आहोत. म्हणून आधी कोपरी आणि मग देवी. ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मगर दर दहा वर्षांनी थोडी लांब व्हायची, एवढंच.

"कुणी सांगितलं म्हणजे? आजीने," मधुकाका म्हणाले.

"केव्हा?"

"अगं, मांडीवर घेऊन सांगायची."

"होडीचं नाव रंभा, हे तिनंच सांगितलं?"

"होडीवर लिहिलेलं होतं."

उत्तराने पेन्सिल खाली ठेवली. "काका, त्या काळात धाकू कोळ्याच्या होडीवर नाव लिहिलेलं. ते वाचलं कुणी? दरोडेखोरांनी की मगरीनं?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो जरा थांबला. मंदाकिनीकाकू स्वयंपाकघरात होत्या. त्या हसल्या की नुसत्या थांबल्या, ते कळलं नाही.

"मी एकटा नाही," मधुकाका रेटून म्हणाले. "शिवरामला विचार. मास्तर माणूस आहे, खोटं बोलायचा नाही. ठाण्याच्या आवडाबाईला विचार."

"विचारलं." उत्तराने समोरच्या कार्डांमधून दोन कार्डं काढली. ग्रंथालयातली बाद कार्डं होती, कोऱ्या बाजूला तिचं बारीक अक्षर. "शिवरामकाकांनी होडी, मगर, मुंडासं, सगळं सांगितलं. कुणाकडून ऐकलंत विचारलं, तर म्हणाले, मधूकडून, माझ्या लग्नात. आवडाबाईंनी ऐकलं त्यांच्या भावाकडून. भावाने ऐकलं तुमच्याकडून, रात्रपाळीहून येताना. कळव्याच्या मंडळींनी ऐकलं आवडाबाईंकडून." तिने एका कोऱ्या कार्डावर चार-पाच रेघा मारल्या. सगळ्या वर जाऊन एका ठिपक्याला मिळाल्या. "हा ठिपका तुम्ही. हा कुळाचा वृक्ष नव्हे, काका. ही तुमच्या एकट्याची फांदी आहे."

"मग काय? नाही छापायची?"

"नाही छापता येणार." उत्तराचा आवाज खाली आला. "आणि काका, एवढ्यावर भागत नाही. या वर्षी देवी भाऊकाकांकडे आहे. ते म्हणतात, ओटीमुळे पाहुणे दुपारपर्यंत उपाशी बसतात, आणि विचारलं तर कारण कुणाला धड सांगता येत नाही. वृत्तांतात ज्या प्रथेला आधार नाही, ती या वर्षीपासून बंद करायची. रविवारच्या बैठकीत ठराव आहे."

मधुकाकांनी ते रेघांचं कार्ड उचललं आणि उलटं करून ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदाकिनीकाकूंना सांगितलं की दाढेचा डॉक्टर गाठायचाय, आणि डोंबिवलीहून गाडी पकडून थेट ठाण्याला उतरले. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की कोपरी. आता तिथे चारमजली इमारती झाल्या होत्या, खाडीकडचा वास मात्र जुनाच. चंद्रभागा कोळीण ओट्यावर बसून सुका जवळा पाखडत होती. धाकूच्या घरातली ही सगळ्यात म्हातारी. तिचा नवरा नाथा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"ये रे मधू. आज कसा? अष्टमी त लांब हाय."

लहानपणी आजीचं बोट धरून मधुकाका याच ओट्यावर यायचे. आजी आत जायची, पोरांनी बाहेर थांबायचं. ओटी दाराआडच भरायची, अशी पद्धत. बाहेर नाथाच्या आईनं दिलेली भाजलेली सुकट खात बसायचं. साऱ्या जगात त्यांना विनाथाप बसून राहता येईल अशी हीच एक जागा होती. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भाऊ काय म्हणतात, उत्तरा काय म्हणते, रविवारी काय होणार आहे.

चंद्रभागेचं सूप हातात तसंच राहिलं.

"गेले साली मीराबाई बोलली मना," ती जवळ्याकडे बघत म्हणाली. "समोरची ती. बोलली, बिल्डिंगवाली मानसं आता तुमचेकडं कशाला येतील? मी बोलले, येतील. दर अष्टमीला गल्लीतल्या सगल्या सुना माझेकडून कुंकू लावून घेतात, ती ओटी आल्यावर. या साली नाय आली, त मी दार लावून घेईन. कोनाला तोंड दाखवायचं नाय."

"म्हणून तर आलोय, चंद्राबाय. रविवारी कोपरला ये. तू सांग, आमच्या घराण्यातही ही होडी सांगतात म्हणून. तू बोललीस की दुसरा आधार झाला."

"कंची होरी?"

मधुकाकांनी सांगितलं. दरोडा, खाडी, मगर, मुंडासं. चंद्रभागा ऐकत गेली. मगर आली तेव्हा तिने तोंडावर पदर धरला, पण डोळ्याला नाही.

"आमचे घरान होरी कवा व्हती रं?" ती शेवटी म्हणाली. "माझा सासरा जाली विनायचा. पान्याला भ्यायचा. त्याचा बाप बी तसाच. अख्खा कोलीवारा हसायचा त्यांना."

"आता नव्हती, त्याला काय करणार?" मधुकाका पुढे सरकले. "होती म्हण. होडी होती तर ओटी राहील."

चंद्रभागेने सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडापलीकडचं काहीतरी बघत असावी, असं त्यांना वाटलं.

"मंदाबायला ठाव हाय, तू हितं आलास त?"

"तिचा काय संबंध?"

"नाय, इचारलं." तिने सूप उचललं. "बरं. येते. सांगते तुझी होरी."

परतीच्या वाटेवर मधुकाकांनी होडीला शीड लावलं, वारा उलटा केला आणि चंद्रभागेच्या तोंडी शोभेल अशी सगळी गोष्ट पुन्हा रचली. डोंबिवलीला उतरेपर्यंत त्यांना ती स्वतःला पटली. घरी काकूंनी विचारलं, "दाढ काढली?"

"डॉक्टर नव्हता."

"जवळ्याचा वास येतोय दाढेला," काकू म्हणाल्या आणि ताट वाढायला गेल्या.

*

रविवारी भाऊंच्या हॉलमध्ये सतरंजी पडली. कोपऱ्यात चौरंगावर देवी. घटस्थापना अजून व्हायची होती, पण देवी आधीच आणून ठेवलेली, वर लाल वस्त्र. भाऊ खुर्चीवर. रसायनांच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, तिथली सवय म्हणून खिशाला दोन पेनं. शिवराममास्तर, आवडाबाई, इतर पंधरा-वीस बाळकुमकर. बायका स्वयंपाकघराच्या दारात.

चंद्रभागा आली ती सणाचं लुगडं नेसून. कुणीतरी तिला खुर्ची दिली, पण ती सतरंजीवरच बसली, दाराजवळ. मधुकाकांनी तिच्याकडे बघून मान हलवली. तिने हलवली नाही.

"आजी," उत्तराने विचारलं, "ओटी तुमच्या घरी का येते, याची काही गोष्ट तुमच्याकडे सांगतात?"

"सांगतात ना."

चंद्रभागा बोलू लागली. खाडी आली. होरी आली. मगर जराशी घाईनं आली आणि गेली. मुंडाशाच्या ठिकाणी ती अडली, मधुकाकांकडे बघितलं, आणि मधुकाकांनी नकळत आपल्या डोक्याला हात लावला. शिवराममास्तर खाकरले.

"छान," उत्तरा म्हणाली. आवाज मऊ होता, पण पेन्सिल हलली नाही. "आजी, हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

चंद्रभागेच्या बोटांनी पदराचं टोक पिळलं. होडी सांगणं वेगळं आणि हे वेगळं. सरळ नजरेला नजर देऊन कुणी विचारलं तर तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मधुकाकांना ते आत्ता कळलं.

"ह्यानं," ती म्हणाली. "परवा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं-तिघं. आवडाबाई तर खोकल्यात हसल्या. चंद्रभागा हसली नाही. तिचं तोंड लाल झालं होतं.

"झालं," भाऊ म्हणाले. "मधूदादा, या वयात तुम्ही साक्षीदारसुद्धा पढवायला लागलात! उत्तरा, तो मजकूर काढ. गोविंदरावांचं बालपण आजोळी, कल्याणला गेलं, एवढं आहे ना वृत्तांतात? बस्स. आणि या वर्षीपासून अष्टमीला ओटी थेट देवीची. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. चंद्रभागा भिंतीला हात लावून उठली. चपला शोधू लागली. त्या दारातच होत्या, पण तिला दिसत नव्हत्या.

एवढी वर्षं मधुकाकांच्या थापांनी कुणाचं वाईट झालं नव्हतं. लोक हसले होते, रडले होते, जेवण जरा जास्त जेवले होते. आणि आज त्यांच्याच थापेमुळे ही म्हातारी दार लावून बसणार. ते उठले. पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या पायांना होतं. पाय चौरंगाकडे गेले.

"थांब भाऊ! माझं ऐकून घे. आजीनं मरताना मला जवळ बोलावलं आणि..." त्यांनी हात पुढे केला. "देवीवर हात ठेवून सांगतो. ही होडी..."

देवीवर हात ठेवून बाळकुमकरांत कुणी खोटं बोललेलं नव्हतं. शिवराममास्तर सतरंजीवरून अर्धे उठले. भाऊंचा चेहरा पांढरा पडला.

"हात काढा," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

मंदाकिनीकाकू आत आल्या. हाताला खवलेला नारळ लागलेला होता, तो त्यांनी पदराला पुसला.

"हात काढा, अहो. ओटी मी नेते, तुम्ही नाही. मला विचारा. मला आमच्या सासूबाईंनी सांगितलंय, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी, की त्या दिवशी दगडाबाई..."

"काकू, थांबा!" उत्तरा अशी ओरडली की पंख्याखालची कार्डं उडाली. "पुढे एक शब्द नको. एकही नको!"

काकू दचकून थांबल्या.

"आजी," उत्तरा चंद्रभागेकडे वळली, "तुम्हांला तुमच्या सासूनं ओटीबद्दल काही सांगितलंय? होडी नाही. दुसरं काही?"

चंद्रभागेने चपलेत घातलेला पाय बाहेर काढला. तिने उत्तराकडे बघितलंच नाही. तिने मंदाकिनीकाकूंकडे बघितलं. काकूंनी हळूच मान डोलावली.

"सांगितलंय," चंद्रभागा म्हणाली.

"आत चला. काकू, तुम्ही इथंच बसा. कुणाशी बोलू नका."

उत्तराने चंद्रभागेला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

*

मधुकाका चौरंगाजवळच खाली बसले. त्यांच्या लक्षात आलं, की या घराण्याची एक गोष्ट आत चालू आहे आणि तिचा शेवट त्यांना माहीत नाही. असं कधी झालंच नव्हतं. सगळ्या गोष्टींचे शेवट त्यांच्याच खिशात असायचे. आता ते बंद दाराकडे बघत बसले होते. दोघींचं जुळलं नाही तर? एकीनं एक सांगितलं, दुसरीनं दुसरं, तर भाऊ म्हणणार, बघा, आता तीन थापा झाल्या.

"मंदा," ते कुजबुजले, "काय आहे ते?"

"बोलू नका म्हणालीय ती."

"मला तरी सांगायचं होतंस. इतकी वर्षं!"

"तुम्हांला सांगितलं असतं तर त्यात मगर आली असती," काकू म्हणाल्या. "पुरुषांना सांगायचं नाही, असं वचन होतं. आणि तुमच्या होडीनं काम भागत होतं, मग मी कशाला बोलू?"

भाऊंनी दोनदा घड्याळ बघितलं. कुणाला चहा हवा होता, पण मागायचं धैर्य कुणाला झालं नाही. आतून आवाज येत नव्हता. एकदा मात्र नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तो चंद्रभागेचा होता की उत्तराचा, ते सांगता येत नव्हतं.

दार उघडलं. उत्तराच्या हातात एक कार्ड, दुमडलेलं. ते तिने भाऊंच्या मुठीत दिलं.

"वाचू नका, भाऊकाका. मूठ बंद ठेवा. काकू, आता तुम्ही. दगडाबाईपासून."

मंदाकिनीकाकू गोष्टी सांगणाऱ्या नव्हत्या. त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"गोविंदरावांची आई बाळंतपणात गेली. पोराला दूध नव्हतं. गायीचं पचेना. बाळकुमला मागच्या दारी म्हावरं घेऊन यायची ती कोपरीची दगडाबाई. धाकू कोळ्याची बायको. तिची स्वतःची मुलगी अंगावर पीत होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि याला पाजलं. मग रोज कोपरीहून यायला जमेना, म्हणून याला घेऊन गेली. एका दुधावर दोन पोरं. याला आधी द्यायची, परक्याचं पोर आहे म्हणून. मुलगी रोडावली. चौथ्या महिन्यात गेली. दगडाबाई याला पाजतच राहिली. चालायला लागल्यावर आणून दिलं."

काकूंनी हाताला राहिलेला खोबऱ्याचा कीस झटकला.

"घरात म्हणाले, कोळिणीच्या दुधावर वाढला, हे लोकांना कळता कामा नये. बाहेर सांगितलं, आजोळी कल्याणला होता." काकूंनी भाऊंकडे बघितलं नाही, पण भाऊंनी मान खाली घातली. "सरस्वतीबाई, म्हणजे यांची आजी, लग्न होऊन आल्या तेव्हा दगडाबाई होत्या अजून. त्यांच्याच तोंडून कळलं. मग सरस्वतीबाईंनी ओटी सुरू केली. पाचवीपासून बाळाला जुन्या कापडाचं झबलं घालतात. नवं घालायच्या आधीचं. त्या पोरीला तेवढंच मिळालं. म्हणून ते जुनं. तिच्यासाठी. दार लावून ओटी भरायची आणि भरताना तिचं नाव घ्यायचं."

"नाव काय तिचं?" उत्तराने विचारलं.

"रंभा."

मधुकाकांना आठवलं. तो ओटा. भाजलेली सुकट. दाराच्या फटीतून आजीचा पुटपुटणारा आवाज: ही रंभेची. दर वर्षी ऐकलेलं, कुणाचं ते कधी न विचारलेलं, आणि पुढे गोष्ट रचताना सहज हाताशी सापडलेलं. त्यांच्या होडीत खरं तेवढं एवढंच होतं. आणि ते त्यांनी मगरीच्या तोंडी दिलं होतं.

"भाऊकाका, उघडा," उत्तरा म्हणाली.

भाऊंनी कार्ड उघडलं. ते मनातल्या मनात वाचत होते, तरी सगळ्यांना त्यांचे ओठ दिसत होते. दगडाबाई. टोपली. एका दुधावर. शेवटी ओठ मिटले आणि परत उघडले, आणि त्यांनी तो शेवटचा शब्द मोठ्यानं वाचला. "रंभा."

दाराशी चंद्रभागा उभी होती. तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"हे छापायचं?" भाऊंनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. "आजोळ, कल्याण, हे मीच घातलं होतं. वडील सांगायचे. आधार विचारलास तेव्हा मी तुझ्यावर चिडलो आणि ते तसंच ठेवायला लावलं, उत्तरा."

"वचन होतं न सांगण्याचं," मंदाकिनीकाकू म्हणाल्या. "पण ओटीच बंद करणार असाल, तर वचन ठेवून करू काय? चंद्राबाय, तुमचं काय म्हणणं?"

"छापा," चंद्रभागा म्हणाली. "तिचं नाव कंच्या बी कागदावर नाय. तुमचे पुस्तकान राहू द्या."

उत्तराने कल्याणच्या आजोळावर एक रेघ मारली. मग नवं कार्ड घेतलं आणि लिहिता लिहिता वाचत गेली: "माहिती, मंदाकिनी मधुकर बाळकुमकर, डोंबिवली, सासूकडून. चंद्रभागा नाथा कोळी, कोपरी, सासूकडून. दोघींनी एकमेकींचं न ऐकता सांगितलं, ते एकच निघालं."

भाऊंनी खिशातलं पेन काढलं, ठरावाच्या कागदाकडे बघितलं आणि पेन परत खिशात ठेवलं. "वहिनी," ते म्हणाले, "अष्टमीला कोपरीला केव्हा निघायचं? मी येतो बरोबर. ओट्यावर बसेन. आत येणार नाही."

बायकांमध्ये हालचाल झाली. कुणी चहाचं आधण ठेवायला गेलं. आवडाबाईंनी चंद्रभागेला हाताला धरून परत बसवलं, आणि या वेळी ती सतरंजीच्या मधोमध बसली.

तिथवर मधुकाका गप्प होते. पण एवढी माणसं एकत्र बसलेली, सगळ्यांचे डोळे ओले, आणि बोलायला कुणी नाही, अशी बैठक वाया जाताना त्यांनी जन्मात बघितली नव्हती. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, घसा साफ केला आणि पुढे सरकले.

"कुणाचाच विश्वास बसायचा नाही, पण सांगतो," ते म्हणाले. "हे सगळं मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आजीनं मरताना मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, मधू, वेळ येईपर्यंत तू होडीच सांगत राहा..."

"खोटा!" चंद्रभागा सतरंजीच्या मधोमध बसून ओरडली. "ठाव असता, त आता डोलं कशाला पुसतस रं?"